भागाबाईचं वाकडं पाणी

आर्वीच्या एका कॉलेजात भागाबाई रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नळ्या-बाटल्या धुते. नवरा तिथंच शिपाई होता. तो गेल्यावर नोकरी तिला मिळाली. शिक्षण चौथीपर्यंत, पण तोंडात 'काऊन', म्हणजे 'का', सदा तयार. जुने सर त्याला वैतागायचे. ज्योत्स्ना मॅडम आल्या आणि तिला ऐकून घेणारं माणूस भेटलं.

एकदा तेलकट नळी घासता घासता ती म्हणाली, "मॅडम, मीठ पाण्यात विरते, मंग तेल काऊन नाई?"

मॅडमनी ओल्या बोटानं ओट्यावर तीन गोळे काढले. मधे ऑक्सिजन, खाली दोन बाजूंना झुकलेले दोन हायड्रोजन. "हा मधला हावरा आहे, भागाबाई. दोघांचे इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. म्हणून त्याच्या अंगाला थोडा ऋण भार, त्यांच्या अंगाला थोडा धन. मीठही भारांचंच बनलेलं, म्हणून पाणी त्याला ओढून घेतं. तेलात असे भार जवळजवळ नसतात."

भागाबाई त्या ओल्या गोळ्यांकडे ते वाळेपर्यंत बघत राहिली.

विज्ञान दिनाला बी.एस्सी.च्या रोशनीनं थर्माकोलचा पाण्याचा रेणू केला. तिन्ही गोळे काड्यांनी एका रेषेत जोडलेले. झाडू मारताना भागाबाई थबकली.

"पोरी, हे सरळ काऊन केलं?"

"सरळच चांगलं दिसते ना, मावशी."

"दिसते, पण मंग ते पाणी राह्यत नाई. गाडीले दोन बैल दोन उलट अंगाले जुंपले, सारख्याच जोरानं ओढून राह्यले, तं गाडी जागीच. दोघंबी एका अंगाले वळले, तं गाडी तिकडं सरकते. पाणी वाकडं हाय, म्हणूनच त्याची एक बाजू ऋण, एक धन."

रोशनीनं पुस्तक उघडलं आणि तिचा चेहराच उतरला. पाहुणे यायला अर्धा तास होता, डिंक पक्का वाळलेला. भागाबाईनं सुरी आणली. दोघींनी काड्या कापल्या, कोनमापक लावून एकशे साडेचार अंशांवर पुन्हा चिकटवल्या.

शाळेची पोरं आली. एकीनं विचारलं, "हे वाकडं कशाला?"

"ते मावशी सांगतीन," म्हणत रोशनीनं भागाबाईला पुढं केलं.

समोर प्राचार्य उभे. तिनं पदर खोचला, घसा खाकरला आणि सगळं सांगितलं. प्राचार्यांनीच आधी टाळी वाजवली. ती मात्र ज्योत्स्ना मॅडमकडे बघत होती; मॅडमचे डोळे भरून आले होते.

आता पाण्याचा धडा झाला की मॅडम वर्गाला म्हणतात, "थांबा, भागाबाईंकडूनही ऐका." ती हात पुसत येते, लाजते, आणि सांगून झाल्यावर पोरांनाच विचारते, "समजलं का? नसन तं काऊन म्हणा."