फ्लॉपीवरलं जुनं गाव

हे आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, अन् माजीदला तर नाहीच. तुम्हाला का सांगून राहिलो — कोण जाणे. तुम्ही त्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी अर्धापूरचा. बारावीच्या क्लाससाठी लातूरला खोली केली होती, माजीद माझा रूमपार्टनर. त्याचं गाव निलंग्याच्या पलीकडं. तो सात वर्षांचा असताना भूकंपात ते सगळं गेलं, त्याची अम्मीही. मग दूर माळावर नवं गाव झालं — सरळ रस्ते, सारखी घरं.

क्लास बुडवून आम्ही कॉम्प्युटर सेंटरवर लढाईचा गेम खेळायचो. लोकांनी बनवलेल्या लढाया नेटवरून उतरवायच्या, त्या हमखास उघडायच्या नाहीत — कुठं नकाशाच गायब, कुठं फाईलचं नाव लांब. त्या दुरुस्त करण्यात माझा हात कोणी धरत नव्हतं. याचा मला लई माज होता.

माजीदनं स्वतःची लढाई बनवली. लढाई कसली — जुनं गाव! त्याचे अब्बा मणेर, दारोदार बांगड्या भरत फिरलेले. कोणत्या बोळात कोणाचं दार, सगळं तोंडपाठ. ते सांगायचे, हा नकाशात मांडायचा. प्रत्येक घरावर एक शिपाई, अन् शिपायाला घरातल्या बाईचं नाव. गुणाबाई, शेवंता, रुक्साना. विहिरीजवळच्या घरावर अम्मी. फाईल काही उघडेना, तेव्हा माझ्याकडं आणली. बघतो तर सगळे एकाच बाजूचे. शत्रूशिवाय तो गेम सुरूच व्हायचा नाही. मी पार कोपऱ्यात, ओढ्यापलीकडं, एक शत्रू ठेवून दिला.

गाव उघडलं. दुपारची वेळ, पंख्याचा आवाज, अन् हिरव्या स्क्रीनवर सगळ्या बाया आपापल्या दारात उभ्या. कोणी हलत नव्हतं. आम्हीही किती तरी वेळ हललो नाही. अजून डोळा लागता लागता मी त्या बोळांतून फिरतो.

मग? मग काय केलं मी?

माझी एक सवय होती — दुरुस्तीआधी मूळ फाईलच्या नावाच्या सुरुवातीला ‘जुनं’ लावून ठेवायचं, अन् नवी चालली की ‘जुनं’ ते सगळं उडवायचं. त्या रविवारी माजीदच्याच फ्लॉपीवर त्याच्यासाठी नव्या लढाया टाकून राहिलो होतो. जागा पुरेना. ‘जुनं’नं सुरू होणारं सगळं एका फटक्यात उडवलं. त्यात माजीदच्या गावाची ‘जुनंगाव’ नावाची एकुलती एक फाईलही गेली.

इथवर चूक होती. पण — पुढचं ऐका. उडालेली फाईल परत आणता येते, हे मला पक्कं ठाऊक होतं. सेंटरच्या सरांनी आणली असती. पण मग माझ्या हातनं गेली हे सांगावं लागलं असतं, अन् मी तर उस्ताद! दुसऱ्या दिवशी अब्बा एसटीनं गाव बघायला येणार होते. मी अख्खी फ्लॉपी फॉरमॅट केली. दोनदा. काही मागं राहू नये म्हणून.

अब्बा इस्त्रीचा सदरा घालून आले, स्क्रीनसमोर बसले. फ्लॉपी कोरी. मी माजीदला म्हणालो, “तू ही स्पीकरवर ठेवली होतीस ना? त्यातल्या लोहचुंबकानं गेलं सगळं.”

“हाव,” तो म्हणाला. “ठेवली असंल.”

अब्बा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी पुन्हा मांडू म्हटलं, तर माजीदनं तो गेमच सोडला. दोन वर्षांनी अब्बाही गेले. आता बोळ सांगणारं कोण आहे?

मागच्या महिन्यात नांदेडला त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या मुलीनं विचारलं, दादीचं घर कसं होतं? माजीद तिला म्हणाला, “बेटा, आपलं गाव दोनदा पडलं. एकदा भूकंपानं, एकदा माझ्या हातानं.”

मी समोरच बसलो होतो. वहिनींनी भज्यांची ताटली पुढं केली. मी आणखी एक घेतलं.