मोटारीचं तेल आणि विलायती हिवाळा

आमच्या घरी मोटार आली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मोटारीला अकरा. औरंगाबादच्या छावणीतला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून ह्यांनी ती घेतली. हे जालन्याला वकिली करत. कोर्टाचं सगळं कामकाज उर्दूत, त्यामुळं ह्यांची उर्दू अशी की ऐकणाऱ्यानं तोंडातलं पान चघळायचं विसरावं. इंग्रजीशी मात्र ओळख दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरती. मी मिशनच्या शाळेत सात वर्षं काढलेली. त्या शिक्षणाचा संसाराला तोवर एकच उपयोग झाला होता, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचण्याचा.

साहेबानं मोटारीबरोबर एक पुस्तक दिलं आणि आपला ड्रायव्हरही दिला. ड्रायव्हर साठीकडं झुकलेले, दाढीला मेंदी, पलटणीत लॉऱ्या चालवलेले. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पुस्तक मोटार बनवणाऱ्या कंपनीचं होतं, सगळं इंग्रजीत. चाचांनी ते बारा महिने गादीखाली ठेवलं होतं, कारण त्यांच्या बाजूची गादी दबलेली होती.

मोटार पेट्रोल पिते हे आम्ही ऐकून होतो. आमची तेलही प्यायची. इंजनाच्या बुडात वंगणाचं तेल ओतावं, गावाला चार चकरा माराव्यात, की तेल मोजायची पट्टी कोरडी. मागच्या नळकांड्यातून असा निळा धूर निघायचा की आमच्या गल्लीतल्या बायका वाळवणं आत घेत.

चाचा तेल आणायचे कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यातून. तिथला फिटर त्यांचा दोस्त. काळं, जाड तेल. चाचा त्याचा एक थेंब अंगठ्या-बोटात धरून, हलवाई पाकाची तार पाहतो तशी तार ओढून पाहायचे. दीड तार निघाली की म्हणायचे, "बराबर हाय."

"अहो चाचा, ही काय जिलबी हाय का?" ह्यांनी एकदा विचारलं. "पुस्तक असताना अंदाजानं का करून राह्यले? कायदा लिहिलेला असला की रिवाज चालत न्हाई."

झालं. गादीखालचं पुस्तक निघालं आणि माझ्या हातात आलं. मी तेलाचं पान शोधलं. त्यात एक छोटा तक्ता होता. उन्हाळ्यात तीस नंबरचं तेल, हिवाळ्यात वीस नंबरचं. नंबर जितका लहान तितकं तेल पातळ, असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं.

"आता कोणता महिना?" ह्यांनी विचारलं.

"पौष."

"मंग हिवाळाच की. वीस नंबर."

मी म्हटलं, "अहो, पण हे पुस्तक विलायतेत लिहिलंय. तिकडच्या हिवाळ्यात बादलीतल्या पाण्याचा दगड होतो. आपल्याकडं पौषात दुपारी पंखा लागतो. त्यांचा उन्हाळासुद्धा आपल्या पौषाहून थंड असंल. आपल्याला तीसपेक्षाही जाड लागंल, पातळ न्हाई."

"पुस्तकात हिवाळा असा शब्द हाय का न्हाई?"

"आहे."

"त्यात 'विलायतेतला' असं लिहिलंय?"

"न्हाई."

"मंग जे लिहिलं न्हाई ते वाचायचं न्हाई," हे म्हणाले. घरात बोलताना ह्यांचा हात आपोआप नसलेल्या कोटाच्या कॉलरकडं जाऊ लागला की मी गप्प बसायची. चाचांनी माझ्याकडं पाहिलं आणि दाढी खाजवली. स्टेशनजवळच्या दुकानातून वीस नंबरचा डबा आला. चाचांनी तार ओढून पाहिली. तार निघालीच नाही, थेंब बोटावरून ओघळून त्यांच्या पायजम्यावर पडला.

"वकीलसाब, हे तर पानी हाय."

"ओता."

चारच दिवसांनी ह्यांची अंबडच्या कोर्टात तारीख होती. पक्षकार वडीगोद्रीकडचा शेतकरी. त्यानं बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, जमीन केली होती आणि करारात लिहिलं होतं की हंगाम संपल्यावर जमीन सोडायची. मालक म्हणत होता, हंगाम दिवाळीला संपला, ऊठ. शेतकऱ्याची शाळू रानात कंबरेइतकी उभी. तिथल्या मत्स्योदरी देवीचं दर्शन घ्यावं म्हणून मीही निघाले. पुस्तक मी पिशवीत टाकलं, ते का ते मला आजही सांगता येणार नाही.

जालना सोडून दोन-अडीच कोस गेलो असू. इंजनातून आधी टिकटिक आली, मग खडखड, आणि मग पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवावेत तसा आवाज. चाचांनी मोटार बाभळीखाली घेतली, पट्टी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. पट्टीच्या टोकाला नुसता ओला डाग.

"सगळं उडून गेलं," चाचा म्हणाले. "झिजलेलं इंजन, वर गरम. पानी किती येळ टिकंल?"

"डब्यात उरलेलं न्हाई का?"

"डबा घरी हाय, साब. तुम्हीच म्हणाल्तात, पुस्तकात सहा महिने चालतं असं लिहिलंय."

हे घड्याळ पाहू लागले. समोर गाव दिसत होतं. एक बैलगाडी आली, तिचा गाडीवान थांबला, त्यानं इंजनाकडं पाहिलं, आणि म्हणाला, "आमी चाकाच्या आखाला एरंडेल घालतो. गावात तेलणीकडं हाय."

"घालून पाहू," चाचांनी लगेच मान डोलावली. "पलटणीत ऐकल्तं, विमानात बी घालतात."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. तेलाच्या पानाच्या मागच्या बाजूला एक ओळ होती, ती मला आठवत होती: खनिज तेलात झाडाबियांचं तेल कधीही मिसळू नये. मी वाचून दाखवलं.

ह्यांचा चेहरा पडला. "मंग जमतच न्हाई."

"मिसळू नये म्हटलंय," मी म्हणाले. "आधीचं होतं-नव्हतं ते सगळं काढून टाकलं तर मिसळंल कशात?"

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं समोरच्या वकिलानं अचानक दाखला काढावा. मग स्वतःच कोट काढून गाडीवानाच्या हातात दिला.

चाचा मोटारीखाली शिरले आणि बुडाचं बूच उघडून राहिलेलं तेल घमेल्यात सोडलं. मी नि हे तेलणीकडं गेलो. ती म्हातारी ओट्यावर बसून होती. ह्यांनी पाच शेर एरंडेल मागितलं. तिनं ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, मग माझ्याकडं वळून हळू आवाजात विचारलं, "बाई, घरात माणसं किती हायेत?"

"मोटारीला पाहिजे, आजी."

"असं व्हय," ती म्हणाली. तिचा बिलकुल विश्वास बसला नव्हता. निघताना तिनं ह्यांना सांगितलं, "कोमट दुधातून घ्या. आन् घर जवळ असलं तरच घ्या."

एरंडेल मधासारखं हळूहळू इंजनात उतरलं. चाचांनी तार ओढून पाहिली. दोन तारांच्या वर. "वाह," एवढंच म्हणाले. हँडल मारलं आणि खडखड गेली. खरंच गेली. इंजन असं मऊ चालू लागलं की आम्ही तिघंही एकदम हसलो.

पाव कोस गेल्यावर वास सुरू झाला. पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून गरम एरंडेलाची वाफ वर यायची आणि मोटारीत भरून राहायची. मी पदर नाकाला लावला. चाचा मान बाहेर काढून चालवत होते. हे मात्र काळा कोट परत अंगात चढवून, कागद मांडीवर घेऊन आपली बाजू पाठ करत बसले होते आणि ती सगळी वाफ त्या लोकरी कोटात मुरत होती. अंबडला पोहोचेपर्यंत हे चालतंबोलतं एरंडेल झाले होते.

मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली मोटारीपासून दहा पावलं लांब बसले. आत काय झालं ते चाचांनी सांगितलं. ते दारात उभे राहून ऐकत होते.

हे आत शिरले तसा चपराशी मागं सरकला. बाकावरच्या वकिलांनी ह्यांना जागा दिली, जरुरीपेक्षा जास्तच. मुन्सिफसाहेब भला माणूस. त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि काळजीनं विचारलं, "वकीलसाहब, तबीयत नासाज़ है? पेशी आगे बढ़ा दूँ?"

"नहीं हुज़ूर," हे म्हणाले, "तबीयत दुरुस्त है. मोटर बीमार है."

मुन्सिफसाहेब इतके हसले की रुमाल पडला. मग त्यांनी हुकूम दिला की ह्यांचा मुकदमा सगळ्यात आधी घ्यावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

"आन् मंग हे काय बोलले?" मी चाचांना विचारलं.

चाचा गालात हसले. "तुमचीच बात, बाईसाब. समोरचा वकील म्हणत होता, कागदावर हंगाम लिहिलाय, हंगाम दिवाळीला संपतो, बस. तर साब उठले. म्हणले, हुजूर, लफ्ज कागदावर असतो पन त्याचा मतलब जमिनीवर असतो. ही काळी जमीन हाय, इथं रब्बी पिकते. इथला हंगाम फाल्गुनात संपतो. दुसऱ्या मुलुखाचा हंगाम इथं आनून लावता येत न्हाई."

हे बाहेर आले, मागं पक्षकार हात जोडून. शाळू काढून होईपर्यंत मालकानं जमिनीला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला होता. त्या माणसाला वासाचं काही नव्हतं. तो ह्यांच्या खांद्याला धरून रडत होता.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "अहो, हिवाळ्याचा मतलब पण जमिनीवरच असतो ना?"

हे बाहेरच्या तुरीकडं बघू लागले. तिकडंच बघत म्हणाले, "तू अपील दाखल कर."

तर मी दाखल केलं. एरंडेलाचा चमत्कार आठ दिवस टिकला, मग ते आत थिजून डिंकासारखं चिकटलं आणि हँडल फिरेना. जिनिंगच्या फिटरनं इंजन उघडलं आणि दोन दिवस रॉकेलनं धूत बसला. तेवढ्यात मी सिकंदराबादच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याला इंग्रजीत पत्र लिहिलं. गाडी किती जुनी, इथली दुपार किती तापते, किती कोसाला किती तेल पिते, सगळं कळवलं. हिवाळ्याबद्दलची शंकाही लिहिली.

उत्तर आलं ते 'प्रिय महाशय' म्हणून. लिहिलं होतं, महाशयांचा तर्क बरोबर आहे. पुस्तकातला तक्ता थंड मुलुखासाठी आणि नव्या इंजनासाठी आहे. झिजलेल्या इंजनातल्या फटी रुंद होतात, पातळ तेल त्यातून वर चढून जळतं. आपण पौष-माघात चाळीस नंबर वापरावं, चैत्रानंतर पन्नास, आणि रोज सकाळी पट्टी पाहावी. तेल कोणतंही असो, पट्टी पाहायला आळस करू नये.

मी ह्यांना पत्र मराठीत वाचून दाखवलं. 'महाशय' हा शब्द दोनदा वाचला. चाचा दारात उभे होते. चाळीस नंबरचा डबा रेल्वेनं आला तेव्हा त्यांनी तार ओढली, दीड तार निघाली, आणि त्यांनी बोट ह्यांच्यासमोर नुसतं धरलं. जिनिंगचं तेल आणि विलायतेचं शास्त्र एकाच तारेवर आलं होतं, फक्त जिनिंगच्या तेलात कापसाचा कचरा जास्त होता.

धूर कमी झाला, गेला मात्र नाही. व्यापाऱ्यानं तसंही लिहिलंच होतं की म्हातारीला पैठणी नेसवली म्हणून ती नवरी होत नाही. म्हणजे त्यानं इंग्रजीत दुसरं काही लिहिलं होतं, पण मी ह्यांना असंच वाचून दाखवलं. कोट तीनदा धुतला तरी वास गेला नाही, तो शेवटी फिटरला दिला.

फाल्गुनात आम्ही आष्टीच्या बाजाराला गेलो. शाळूची काढणी चालली होती, रस्त्यानं कडब्याच्या गाड्या होत्या. इंजन इतकं गुमान चाललं की मला झोप लागली. जाग आली तेव्हा हे आणि चाचा टायरात हवा किती असावी यावर भांडत होते, आणि हे मागं वळून म्हणत होते, "अगं, पुस्तक आणलंयस का?"