मामाने वाढवलेले दहा मार्क

माझ्या मामाचं बी-बियाण्याचं दुकान मेहकरला होतं. बीटी कपाशी नवी होती तेव्हा त्याच्या शब्दाला गावोगाव वजन आलं. मामा दहावीत दोनदा बसून दोनदा नापास झालेला. पण पाकिटावरचं इंग्रजी घडाघडा वाचायचा आणि वाचता आलं नाही तिथे आणखी जोरात वाचायचा. एवढ्यावर लोकांनी त्याला शिक्षणाचाही जाणकार ठरवून टाकलं.

मी आणि मामेभाऊ एकाच वर्षी बारावी झालो. दोघांनाही अकोल्याला शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. मामाने दोघांचे फॉर्म आणले आणि दुकानात गल्ल्यावर बसून स्वतःच भरायला घेतले. भावाला केमिस्ट्रीत छप्पन्न होते, मामाने सहासष्ट लिहिले. मग माझा फॉर्म ओढला. मी म्हटलं, मार्कशीटवर आहेत तेवढेच लिहा.

"फॉर्मावर थोडं चढवूनच लिहा लागते पोरी. कोन पाह्यते?" मामा म्हणाला. "पाकिटावर एकरी उतारा लिहितात, तेवढा येते का कोनाले?"

दुकानातली माणसं हसली. आदल्या हंगामात त्याच पाकिटांतली कपाशी लाल्या रोग पडून वाळली होती, आणि ही माणसं तिचीच तक्रार घेऊन आली होती. तरी हसली. मला त्यांचा मामापेक्षाही जास्त राग आला.

मी फॉर्म उचलला, घरी येऊन स्वतः भरला. मामाने आईला निरोप धाडला, की तुमच्या पोरीला शहाणपण फार आलं आहे. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. भावाचा फॉर्म मात्र मामाने भरला तसाच गेला; भाऊ मामापुढे कधी तोंड उघडत नसे.

यादी फॉर्मावरच्या आकड्यांवरूनच लागायची. भावाचं नाव पहिल्याच यादीत आलं. मामाने दुकानासमोर पेढे वाटले, मलाही दिला आणि म्हणाला, व्यवहार शीक जरा. माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. मी बुलडाण्याला बी.एस्सी.ला नाव घातलं.

सगळ्या याद्या लागून झाल्यावर, प्रवेशाच्या दिवशी मामा ऐटीत भावाला घेऊन अकोल्याला गेला. पुढचं मला भावानेच सांगितलं. खिडकीतल्या बाईंनी मूळ गुणपत्रिका मागितली, फॉर्म शेजारी ठेवला आणि केमिस्ट्रीवर बोट ठेवून विचारलं, हे कोणी लिहिलं? मामा आधी म्हणाला, टायपिंगची चूक. फॉर्म हाताने भरलेला होता. मग म्हणाला, पोराची चूक. बाईंनी भावाकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि बापाची चूक स्वतःवर घेतली. खोटी माहिती म्हणून अर्ज रद्द झाला. खऱ्या मार्कांवर फेरविचार करा, असं मामाने गयावया करून पाहिलं, तेव्हा बाई म्हणाल्या, त्या मार्कांवर दुसऱ्या यादीत त्याचा नंबर लागला असता.

त्याचे खरे मार्कही सगळे मिळून माझ्यापेक्षा जास्तच होते. खरं लिहिलं असतं तरी तो गेला असता.

गावात मामाने सांगितलं, की तिथे वशिला चालतो, आपल्यासारख्याला कोण विचारतो. लोकांनी माना डोलावल्या. पुढच्या जूनमध्ये दुकानात पुन्हा आईबाप पोरांच्या मार्कशीटा घेऊन मामाकडे सल्ला मागायला बसले. असल्यांना फसवायला फार हुशारी लागत नाही.

भाऊ त्या वर्षी खामगावला जिनिंगमध्ये लागला, कापसाच्या गाड्या उतरवायला. दिवाळीत भेटला तेव्हा मी त्याच्यापुढे मामाच्या नावाने बरंच काही बोलले.

"तुले राग यायला सोपं हाय," भाऊ म्हणाला. "तू फॉर्म उचलून घरी गेली. माझं घर तेच होतं."

पुढच्या वर्षी त्याने मामाला न सांगता आयटीआयचा फॉर्म भरला. केमिस्ट्रीचे मार्क त्यात कोणी विचारलेच नव्हते. त्याने तरीही गुणपत्रिकेची झेरॉक्स सोबत जोडली.