अंगणातले वाजणारे ब्लॉक

मागच्या पावसाळ्यात आई अंगणातल्या चिखलात घसरली आणि महिनाभर भिंत धरून चालली. म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायचे मी ठरवलं. ठेकेदार गॉगल लावून आला. त्याच्याकडे रंगांचं पुस्तक होतं आणि त्यातला ‘जांभा रेड’ घ्याच, असा त्याचा आग्रह होता. जांभ्याच्या सड्यावर, तांबड्या कातळावरच राहणाऱ्या माणसाला जांभ्याच्या रंगाचं सिमेंट विकायला धाडस लागतं. विकत घ्यायला काय लागतं, ते लिहीत नाही.

आईने एवढंच विचारलं, “मांडव कुठे घालणार?”

दिवाळी झाली की आमच्या अंगणात मांडव उभा राहतो. सहा मेढी, म्हणजे लाकडी खांब, जमिनीत पुरायच्या, वर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप टाकायचे, पावसाच्या तोंडावर सगळं उतरवायचं. आईचे वर्षातले सहा-सात महिने त्या सावलीत जातात. मी “बघू काहीतरी” म्हणालो. त्या दिवसापासून ती अंगणाबद्दल बोलायचीच थांबली.

नवरात्रात काम सुरू झालं. खडी किती पडते, तिच्यावर ग्रीटची बारीक कच किती, हे मी खुर्ची टाकून बघत होतो. “बिनधास्त राहा, साहेब,” असं ठेकेदार म्हणाला की मी खुर्ची आणखी पुढे सरकवायचो. ब्लॉक बसवणारा राजापूरकडचा म्हातारा गवंडी मात्र काहीच बोलत नसे. ते मला जास्तच संशयास्पद वाटे.

शेवटच्या दिवशी मी टाच आपटत अंगणभर फिरलो. सात ब्लॉक वाजत होते.

“हे का हलतात?”

“ऱ्हवंदेत ते,” गवंडी म्हणाला. “आईंना विचारा.”

काम कच्चं स्वतःचं आणि उत्तर आमच्या आईने द्यायचं! मी सातही ब्लॉकांचे फोटो काढले. आईला विचारलं नाही. घरात तो विषय बंद होता.

दिवाळी झाली. एका सकाळी आई पडवीतली एक मेढ एकटीच ओढत अंगणात आणत होती. मी धावत जाऊन ती काढून घेतली.

“वाजतोय तो उचल,” ती म्हणाली.

मी आनंदाने पहार आणली. पुरावाच हाती येणार होता. मोबाइलही तयार ठेवला. ब्लॉक उचलला, तर खाली नुसती वाळू. ती उपसत गेलो, हात कोपरापर्यंत आत गेला. मेढीचा जुना खड्डा जागच्या जागी होता, कडेच्या जांभ्याच्या कपच्यांसकट.

“म्हणजे केलंन म्हणायचं,” आई म्हणाली.

“काय केलंन?”

“मेढी कुठे असतात ते गवंड्याने चहा पिताना विचारलंन मला. मी दाखवलं. पण करील कशावरून? सिमेंटवाला तो.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू फोटो काढत होतास.”

दुपारपर्यंत सहा मेढी उभ्या राहिल्या, झाप चढले. आई सुपारी सोलायला सावलीत बसली. तेवढ्यात मी सातवा ब्लॉक उचलला. खाली खड्डा नव्हता. ग्रीटही नव्हती.

“आणि हा?”

आईने मान वर न करता सांगितलं, “तो नुसताच वाईट बसवलाय. फोटो आहे ना तुझ्याकडे?”