सोबत : बिया, नग सात

तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिण्याच्या माझ्या दीर्घ कारकिर्दीत शेकडो नावे मी कागदावर उतरवली; ह्या गृहस्थाचे मात्र येथे लिहीत नाही. तेवढा अधिकार मला उरलेला नाही.

देवराईतल्या झऱ्यावरचा पंप बंद करावा, असा अर्ज त्याला हवा होता. झरा आटल्याने तिथल्या रानजायफळाच्या बिया रुजत नव्हत्या आणि फळणारे झाड एकच उरले होते. ओल्या फडक्यात त्याने सात बिया आणल्या होत्या. बोलता बोलता तो बाटलीच्या झाकणाने त्यांवर पाणी शिंपडी.

“पुराव्यावाचून अर्ज लंगडा,” मी बजावले. कागद भिजू नये म्हणून बिया स्वतःच्या रुमालाने कोरड्या केल्या आणि पाकिटात घालून अर्जाला जोडल्या.

“भाऊनु, ही बी सुकली काय मेली.”

“तू रानातलो शाणो. कचेरीत माजा आयक!”

पावसाळा सरताना अर्ज परत आला. शेरा होता : जागेचा नकाशा जोडलेला नाही. तोवर ते झाड वादळात उन्मळले होते. तो आला, त्याने पाकीट उघडले आणि एक बी माझ्या कानाशी हलवली. आत काहीतरी खुळखुळले.

“वाजता मां? जित्या बियेक आवाज नसता.”

मी नवा अर्ज लिहिण्याचे सुचवले. सातही बिया त्याने पुन्हा ओल्या फडक्यात बांधल्या आणि एसटीच्या थांब्यावर उभा राहून तो त्यांवर पाणी शिंपडीत राहिला.