दुखऱ्या गुडघ्याची साक्ष

"पंडित, उद्याच्या प्रार्थनेत मले साक्ष द्याची आहे. तू ये बाप्पा. तुले खोटं लवकर दिसते."

शनिवारी सकाळी वसंता राठोडचा फोन. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता तो दिग्रसजवळच्या तांड्यावर शेती करतो आणि सहा वर्षांपूर्वी ख्रिस्ती झाला आहे. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते सगळ्यांपुढं उभं राहून सांगणं. मी संस्कृत शिकलो आणि वार्ताहरकी करतो. पहिल्यानं शंका घ्यायला शिकवलं, दुसरीनं शंकेचं मानधन दिलं. निघालोच.

यवतमाळहून दारव्ह्यामार्गे एसटीनं दोन-अडीच तास धरा. रस्ता काही ठिकाणी प्रत्यक्ष दिसतो, बाकी ठिकाणी अनुमानानं सिद्ध करावा लागतो. दिग्रसच्या स्टँडवर तर्री घातलेला आलूबोंडा वीस रुपयांत मिळतो. पाण्याची बाटली आधी घ्या, मग बोंडा. पुढं जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हरच ठरवतो.

वसंता घ्यायला आला तो लंगडत. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. दोन घास झाल्यावर तो बोलला.

"इथं कोनाची दारू सुटली, कोनाची फिट थांबली. माह्या गुडघ्यासाठी सहा महिने प्रार्थना करून राह्यले सारे. दुखतेच. अंगावर काटा येत नाही, डोळ्यात पानी येत नाही. देवानं मले घेतलं का नाही, तेच समजत नाही. उद्या म्हनून टाकतो, बरा झाला म्हनून."

"पास्टरनं सांगितलं का असं म्हणायला?" मी कान टवकारले. या न पाहिलेल्या पास्टरवर माझा संशय घरून निघतानाच पक्का होता.

"कोनी नाही सांगितलं. माह्याच डोक्यातलं."

बातमी तिथंच मेली. मग मी शास्त्र काढलं. भक्त दोन तऱ्हांचे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं. पकड सुटली की पडलं. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही. आईच तोंडात धरून नेते. "तू कोणतं पिल्लू, ते ठरव."

"मांजर त सात घरं फिरवते, भाऊजी," चुलीपाशी भाकर थापताना वसंताची बायको, कमलावहिनी म्हणाल्या. "पिल्लाले दुखतही असंन. दातच आहेत ना तिचे. पन पाडत नाही."

हा न्याय मी परीक्षेत दोनदा लिहिला होता. दातांचा उल्लेख एकाही गुरुजींनी केला नव्हता. वसंता हातातला घास तसाच धरून बायकोकडं बघत राहिला.

रविवारी टिनाच्या शेडमध्ये पंचवीसेक माणसं आणि एक ढोलकी. पहिल्या साक्षीत एकाची हरवलेली म्हैस प्रार्थनेनंतर सापडली. मी वहीत लिहिलं: शोधायला कोण गेलं होतं?

मग वसंता उठला. "गुडघा तसाच आहे. सकाळीच गोळी खाऊन आलो. आतून मले काही जानवत नाही. आज खोटं बोलनार होतो. पन माह्या पकडीचा भरोसा नाही, येशूच्या पकडीचा आहे. मी त्याचाच आहे. बस."

कोणी 'आमेन' म्हणेना. मी पास्टरच्या कपाळावर आठी शोधत होतो.

"अरे, याले खुर्ची द्या कोनी!" पास्टर म्हणाला. "सहा महिने आपल्यासंगं गुडघे टेकून राह्यला, अन् टेकताना दुखते म्हनून बोलला नाही लेकाचा!"

शेड हसली. वसंता खुर्चीत बसला आणि पुढचं गीत भलत्याच सुरात, सगळ्यांत मोठ्यानं गायला.

घरी येऊन आठ दिवस झाले. म्हशीवर माझा अजून विश्वास नाही. पास्टर मला आवडला, म्हणून त्याच्यावरचा संशय थोडा वाढवून ठेवला आहे. काल वसंताला फोन केला. आता काही जाणवतं का, विचारलं.

"नाही बा. पन आता रोज तपासून पाह्यत नाही."

तपासणं हा माझा धंदा. पुढचा प्रश्न जिभेवर तयार होता. विचारला नाही.