फ्रीजची पाठराखीण

आक्का माणसांशी मराठीत भांडायच्या आणि फ्रीजशी कानडीत लाडानं बोलायच्या. दुधनीच्या पुढच्या आमच्या आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून रुजू झालो, तेव्हा या सिस्टरबाईंनी अख्खं केंद्र दाखवून मला शेवटी लशींच्या फ्रीजपुढे उभं केलं. "ह्ये बगा. हितं तुमी सायेब न्हाय, मी बी न्हाय. ह्यो सायेब."

पेटीसारखा, वरून झाकण असलेला तो फ्रीज. पंचक्रोशीतल्या लेकरांच्या लशी त्यात. गावाचा समज मात्र असा की, सरकारनं तो उन्हाळ्याची सोय म्हणून पाठवलाय. कुणी ताकाचा तांब्या आणायचं, कुणी आमरस, एकदा तर भजनी मंडळाचे हार आले. आक्का सगळ्यांना दारातूनच वाटेला लावायच्या. "लस गरम झाली की तिचं पानी हुतंय. लेकरू रडंल तेवढंच, गुन काय यायचा न्हाय," हे प्रत्येकाला ऐकावं लागायचं.

मलाही सूट नव्हती. एकदा उन्हातून आलो आणि सहज झाकणावर हात टेकवला, तर मागून "बेडा!" असा आवाज आला. कानडीत त्याचा अर्थ 'नको', पण आक्कांच्या तोंडी तो 'खबरदार' असायचा. माझा हात आपोआप खिशात गेला.

एका उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यानं विजेचे खांब आडवे झाले. केंद्राचा जनरेटर दुरुस्तीला गेलेला, आणि सरकारी जनरेटर रुसून माहेरी गेलेल्या सुनेसारखा, येईल तेव्हा खरा. मी त्या दिवशी सोलापुरात होतो. आरोग्य यंत्रणेच्या बळकटीकरणावर कार्यशाळा होती आणि बळकटीकरण म्हणजे नेमकं काय, ते एक वक्ते पुन्हा एकदा समजावून सांगत होते. तेवढ्यात आमच्या शिपायाचा फोन आला. "सायेब, फ्रीज लग्नाला गेला."

झालं होतं असं. गावातल्या लग्नाला सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून वऱ्हाड आलं होतं आणि त्यांच्या डीजेच्या टेम्पोत दणकट जनरेटर होता. दुसऱ्या दिवशी लसीकरण. आक्कांनी रस्त्यात ट्रॅक्टर अडवला, गडी गोळा केले आणि फ्रीज थेट मांडवात नेला. डीजेवाला कुरकुरला, तर म्हणाल्या, "बारीक आवाजात लाव की. नवरदेव काय बहिरा हाय व्हय?"

फ्रीज ठेवला तो नेमका रुखवताशेजारी. वरमाईंना वाटलं, मुलीकडच्यांचा आहेर. त्यांनी झाकणाला हळदकुंकू लावलं. मुलीच्या बापाला वाटलं, मामानं गुपचूप दिला. मामाला वाटलं, दाजींनी दिला. दोघंही एकमेकांकडे कौतुकानं बघत मिशीत हसत राहिले. उरलेली बासुंदी ठेवायला वरमाई पुढे आल्या, तशा आक्का आडव्या आल्या.

"तुमी कोन?"

"मी ह्याची पाठराखीण."

वऱ्हाड निघायची वेळ झाली तरी लाईट आली नव्हती. जनरेटर निघाला म्हणजे फ्रीजही निघाला, आक्कांचा विचार सरळ होता. वऱ्हाडानं तो हौसेनं टेम्पोत चढवला आणि आक्का त्याला धरून बसल्या. मी धापा टाकत पोचलो, तर मांडवात नुसत्या पत्रावळी. रुग्णवाहिका घेऊन मीही सीमा ओलांडली.

नवरदेवाच्या घरी लाईट होती. सोप्यात फ्रीज घुमत होता, आक्का त्याला टेकून चहा पीत होत्या आणि वरमाई गल्लीला फ्रीज दाखवत होत्या. खरं काय ते सांगायची पाळी माझ्यावर आली. वरमाईंचा चेहरा असा पडला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आक्का, आधी का नाही सांगितलं?"

"मी कुटं आहेर म्हनले? ते म्हनले. न्हाय म्हनले असते, तर उचलला असता व्हय त्यांनी?" मग त्या वरमाईंकडे वळल्या. "अव्वा, आमच्या गावची लेकरं तुमच्या घरी मुक्कामाला हायती आसं समजा. सकाळी नेते."

सकाळी आमच्याकडची लाईट आल्याचा निरोप मिळाला, तेव्हा वरमाईंनी आतून नारळ आणि खण आणला. फ्रीज सासरहून ओटी भरून परत आला. केंद्रात आक्कांनी एकेक कुपी डोळ्यांजवळ धरून तिच्यावरच्या, उष्णतेनं बदलणाऱ्या खुणेचा रंग पाहिला. एकही बिघडली नव्हती. तासाभरात केंद्र लेकरांच्या रडण्यानं दणाणून गेलं आणि आक्का खूश झाल्या.

पुढे त्या निवृत्त होऊन अकलूजला लेकीकडे गेल्या. त्या दिवशी मला फार पोरकं वाटलं. परवा त्यांना भेटायला गेलो. गुडघे गेलेत, विसरायलाही होतं. लेक तक्रार करत होती, "घरातल्या फ्रीजला हात लावू देत न्हाय हो आई. भर मे महिन्यात आमी कोमट पानी पितो."

तेवढ्यात लाईट गेली. आक्का काठी चाचपत उठल्या आणि त्यांनी चपला घातल्या. "चला सायेब."

"आक्का, तो फ्रीज इथं नाही. तिकडे गावात आहे."

"म्हून तर. तितं कोन हाय?"

त्यांची समजूत घालायला मी केंद्रात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. नवी सिस्टर म्हणाली, "सर, इथली लाईट सकाळीच गेलीय. फ्रीज बारशाला गेलाय. आम्ही सांगायच्या आधी बारशाच्या घरच्यांनीच ट्रॅक्टर पाठवला."

आक्कांनी फोनजवळ तोंड नेलं. "राखन कोन बसलंय?"

"कोण, आक्का का? बाळाची आजी बसलीय. मलासुद्धा जवळ येऊ देत नाही."

मग आक्कांनी चपला काढल्या.